स्वस्त प्रोसेसर जास्त पळवावा का?

कापडाच्या गादीवर बसून संगणकाच्या प्रोसेसरवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आमच्या रिसोडसारख्या तालुक्याच्या गावातही आता संगणकावाचून धंदा उरलेला नाही. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला आणि ज्यांनी जन्मभर लाल वहीत हिशेब लिहिला, त्यांच्याही गल्ल्याशेजारी मॉनिटर आला. भरतकामाच्या मशीनला नक्षी संगणकातून जाते, फ्लेक्सवाला संगणकावर बसतो, लग्नपत्रिकेचा उर्दू मजकूर इनपेजवर जुळवला जातो. आणि लग्नाच्या शूटिंगचे मिक्सिंग करणाऱ्यांचे तर सगळे भांडवलच संगणक.

असाच मिक्सिंगचे काम करणारा एक होतकरू मुलगा मध्यंतरी दुकानात आला. म्हणाला, "चाचा, अकोल्याला चाललोय. स्वस्तातला असा कोणता प्रोसेसर घेऊ, की जो ओव्हरक्लॉक करून महागाच्या बरोबरीला आणता येईल?" गावात संगणक लवकर आणणाऱ्यांपैकी आम्ही, आणि त्यात दोनदा ठेच खाल्लेली. म्हणून तो आमच्याकडे आला असावा. त्याला जे सांगितले, तेच थोडे विस्ताराने इथे देत आहोत, कारण हा प्रश्न पुष्कळ मुलांच्या मनात असतो आणि त्यांच्या वडिलांना तो समजतही नाही.

प्रोसेसरच्या आत एक ठोका चालू असतो. प्रत्येक ठोक्याला थोडे काम पुढे सरकते. एका सेकंदात एक अब्ज ठोके पडले की त्याला एक गिगाहर्ट्झ म्हणतात. कंपनी प्रोसेसरवर जो वेग लिहून देते, त्यापेक्षा जास्त वेगाने तो चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. यंत्रमागावर जसे पुली बदलून धोट्याचे फेरे वाढवता येतात, कापड जास्त निघते पण सूतही जास्त तुटते, तसाच हा प्रकार समजावा.

आता कोणी विचारील, कंपनीने कमी वेग लिहिलाच का? इथे कापडवाल्याला समजावून सांगण्याची गरज पडू नये. गिरणीत एकाच सुताचे, एकाच मागावरचे शंभर ताके निघाले तरी घडी घालताना तपासणी होते. बिनदोष तो फ्रेश, थोडा दोष असेल तो सेकंड, तुकडे उरले ते फेंट. प्रोसेसरचेही असेच आहे. सिलिकॉनच्या एका गोल चकतीवर शेकडो प्रोसेसर एकदम तयार होतात. मग एकेक तपासतात. जास्त वेग सोसणारा महागाच्या नावाने विकतात, कमी सोसणारा स्वस्ताच्या नावाने. पण गिरणीतला माल चांगला उतरू लागला आणि बाजारात मागणी स्वस्ताचीच असली, तर? मग फ्रेश मालावरही सेकंडचा शिक्का पडतो. ओव्हरक्लॉकिंगचा सगळा नफा या एका जागी आहे. सेकंडच्या भावात फ्रेश ताका हाती लागणे, एवढेच ते.

याचा सर्वात प्रसिद्ध दाखला १९९८ चा. त्या वर्षी १ जुलैला आमचा वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला आणि ऑगस्टच्या २४ तारखेला इंटेल कंपनीने एकाच दिवशी दोन प्रोसेसर बाजारात आणले. एक पेंटियम-२, वेग ४५० मेगाहर्ट्झ, किंमत ६६९ डॉलर. दुसरा सेलेरॉन ३००ए, वेग ३०० मेगाहर्ट्झ, किंमत १४९ डॉलर. वरवर पाहता एक श्रीमंताचा आणि एक गरिबाचा. पण दोघांचा गाभा एकाच घराण्यातला. सेलेरॉनमध्ये जवळची साठवण, जिला कॅश म्हणतात, ती १२८ केबी म्हणजे पेंटियमच्या चौथाई होती. पण ती प्रोसेसरच्याच पोटात असल्याने पूर्ण वेगाने चालायची. पेंटियमची ५१२ केबी बाहेर, आणि निम्म्या वेगाची.

हिशेब सोपा होता. बोर्डाचा ठोका ६६ मेगाहर्ट्झ आणि त्याला प्रोसेसर साडेचारने गुणत असे, झाले ३००. साडेचार हा आकडा इंटेलने कुलूपबंद केला होता, तो बदलता येत नव्हता. पण बोर्डाचा ठोका ६६ वरून १०० केला की साडेचार गुणिले शंभर, सरळ ४५०. काही बोर्डांवर तशी सोय नसे, तर लोक प्रोसेसरच्या बी-२१ या क्रमांकाच्या संपर्कपट्टीवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावीत; बोर्डाला वाटे की हा १०० चाच माल आहे. दीडशे डॉलरच्या वस्तूतून पावणेसातशे डॉलरच्या वस्तूइतके काम. जगभर मुले वेडी झाली, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर त्याची चर्चा झाली आणि ती चर्चा कापड खरेदीला मंगलदास मार्केटात गेलेल्या आमच्याही कानावर आली.

आम्ही १९९९ च्या शेवटी असे मशीन मुंबईहून जुळवून आणले. हिवाळाभर ४५० वर ते उत्तम चालले. दुकानाची उधारी त्यात भरली, अकोल्याच्या आमच्या एका नातलगाचे पत्रिकांचे कामही त्यावर होऊ लागले. एप्रिल उजाडला आणि दुपारी बारानंतर पडदा निळा होऊन मशीन थिजू लागले. आम्ही विचार केला, ४५० सोसत नाही तर मधला मार्ग काढू. बोर्डाचा ठोका १०० वरून ८३ केला. साडेचार गुणिले ८३ म्हणजे ३७५. कमी वेग, म्हणजे जास्त सुरक्षित, असा आमचा समज.

हीच मोठी चूक होती, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. बोर्डाचा मुख्य ठोका एकट्या प्रोसेसरला जात नव्हता. त्याचाच भागाकार करून पीसीआय नावाच्या मार्गाला ठोका मिळे, आणि हार्ड डिस्कचा कारभार त्या मार्गावर चाले. त्या मार्गाचा ठरलेला वेग ३३. मूळ ६६ ला दोनाने भागले की ३३. शंभरला तीनाने भागले की तरी ३३. पण ८३ ला दोनाने भागले की ४१ च्या वर. म्हणजे ४५० वर फक्त प्रोसेसर ताणला जात होता, आणि ३७५ वर प्रोसेसर सुखात, परंतु डिस्क मात्र मर्यादेबाहेर पळत होती. मशीन आता थिजत नव्हते. ते मुकाट्याने चुकीचे लिहीत होते. तीन आठवड्यांनी उधारीची फाइल उघडेना. उघडली तेव्हा एकाच्या नावावर दुसऱ्याची रक्कम. नशीब, वडिलांनी लाल वही बंद करू दिली नव्हती. पंधरा दिवस बसून सगळे पुन्हा भरले, आणि दोन गिऱ्हाइकांशी जी बोलाचाली झाली ती आजही आठवली की ओशाळवाणे वाटते. त्यात दोष कोणाचा नव्हता, आमच्या अर्धवट ज्ञानाचा होता.

थिजणारे मशीन परवडले. ते निदान सांगते तरी की मला सोसत नाही.

शिक्का आणि खळ

त्याच काळात बाजारात दुसरा एक प्रकार जोरात होता. प्रोसेसरवरचा मूळ आकडा घासून काढायचा आणि त्यावर मोठा आकडा छापायचा. १३३ चा १६६ करायचा, आणि फरक खिशात घालायचा. ताक्याच्या शेवटच्या वारावरचा एका गिरणीचा शिक्का उडवून दुसऱ्या नामांकित गिरणीचा मारणारे आम्ही कापड बाजारात पाहिलेले आहेत, तीच जात. इंटेलने गुणाकाराचा आकडा कुलूपबंद केला, त्यामागे हेही एक कारण होते. घासून छापलेला माल कंपनीचे नाव खराब करतो. अर्थात स्वस्त माल महागाच्या बरोबरीला येऊ नये हा स्वार्थही त्यात होताच, तो नाकारण्याचे कारण नाही.

प्रतिस्पर्धी एएमडीचे कुलूप काही काळ फारच कच्चे होते. २००० साली आलेल्या ड्युरॉन या स्वस्त प्रोसेसरच्या पाठीवर काही बारीक सांधे तुटलेले असत. ते शिसपेन्सिलीने जोडले की कुलूप उघडे. पेन्सिलीतले ग्रॅफाइट विजेला वाट देते, एवढ्यावर काम भागे. आमच्या भाच्याने ते केले तेव्हा घरातल्या बायकांनाही हसू आले होते.

दुसरी ठेच २००८ ची. दुकानाला जुने मशीन हवे होते. एका मोठ्या गावच्या दुकानदाराने "तीन गिगाहर्ट्झचे" म्हणून दिले. पडद्यावर तीनच दिसत होते, चालतही छान होते. त्या वर्षांत आमच्याकडे भारनियमन किती होते ते वाचक विसरले नसतील. मशीन तासन्‌तास बंद राही आणि बोर्डावरचा बटणाएवढा सेल झिजे. दोन वर्षांनी तो सेल संपला. सकाळी मशीन चालू केले, तर तारीख चुकलेली, आणि वेग एक पूर्णांक आठ. आम्हाला वाटले मशीन बिघडले. भाच्याने झाकण उघडून पाहिले. प्रोसेसर ई-२१६० होता, मुळातच १.८ गिगाहर्ट्झचा. बोर्डाचा ठोका २०० वरून ३३३ केला की नऊने गुणून तीन होतात. तो माल ते सहज सोसतही असे. त्या दिवसांत असे करणारे हजारो होते. सेल संपला, बोर्ड आपल्या मूळ स्थितीवर आला, आणि खरे उघडे पडले.

कापडात याला आम्ही खळ म्हणतो. खळ देऊन कडक केलेले पातळ कापड दुकानात भारदस्त दिसते. पहिल्या धुण्यात खळ जाते आणि हातात जाळी राहते. इथे धुणे व्हायला दोन वर्षे लागली, इतकाच फरक. मशीनने काम दिले होते, हे खरे. पण आम्ही पैसे तीनच्या मालाचे मोजले होते, आणि त्याचे आयुष्य, त्याची उष्णता, त्याचा धोका आम्हाला कोणी सांगितला नव्हता. ऐब सांगून विकले असते तर आम्ही कदाचित तरीही घेतले असते, भाव पाडून.

मग दार अरुंद झाले

२०११ पासून इंटेलच्या मालात ही वाट जवळजवळ बंद झाली. बोर्डाचा मूळ ठोका १०० वर ठेवला आणि प्रोसेसरचे बहुतेक सगळे भाग त्याच एका ठोक्याला बांधले. तो थोडासा हलवला की आमच्या ८३ सारखी गत. गुणाकार वाढवण्याची मुभा फक्त ज्यांच्या नावाच्या शेवटी 'के' हे अक्षर आहे त्यांना, आणि तीही झेड मालिकेच्या महाग बोर्डावर. म्हणजे स्वस्त प्रोसेसर पळवायला महाग बोर्ड घ्या. दहा रुपये वाचवायला बारा खर्च करण्याचा मामला.

२०१४ मध्ये इंटेलने पेंटियम नावाच्या वीस वर्षांनिमित्त जी-३२५८ हा ७२ डॉलरचा खुला प्रोसेसर काढला. ३.२ चा माल साडेचारपर्यंत जाई. मुले पुन्हा खूश. परंतु त्याला गाभे दोनच. त्याच वर्षी आलेला फार क्राय ४ हा खेळ दोन गाभ्यांच्या प्रोसेसरवर सुरूच होईना. दोन कारागीर कितीही चपळ असले तरी चार हातांनी धरायची चादर ते ताणू शकत नाहीत. स्वस्त माल निवडताना वेगाआधी गाभे मोजावेत, हे त्यातून लोक शिकले.

२०१७ मध्ये एएमडीने रायझन काढला आणि त्याचे जवळजवळ सर्व प्रोसेसर खुले ठेवले, बोर्डही बी मालिकेचा मध्यम किमतीचा चालू लागला. १०९ डॉलरच्या रायझन-३ १२०० मध्ये पूर्ण चार गाभे होते आणि तो ३.१ चा असूनही ३.८ च्या घरात जाई. २०१९ चा ॲथलॉन ३०००जी तर ४९ डॉलरचा आणि तोही खुला. आजही स्वस्तात पळवायचा प्रोसेसर विचाराल तर उत्तर याच घराण्यात आहे.

पण आधी एक हकीकत ध्यानात घ्यावी. १९९८ मध्ये ३०० चे ४५० होत होते, म्हणजे दीडपट. २००७-०८ च्या सुमारास १.८ चे तीन होत. आज तसे होत नाही. कारण गिरणीवाला हुशार झाला. आता प्रोसेसर स्वतःच आपले तापमान, विजेचा दाब आणि कामाचा भार बघून क्षणोक्षणी वेग वाढवतो, कमी करतो. रायझन-५ ५६०० वर मूळ वेग ३.५ लिहिलेला असतो, पण तो आपण होऊन ४.४ पर्यंत जातो. जे फ्रेश कापड सेकंडच्या भावात मिळायचे, ते कंपनीने आपल्याच हाताने मोजून देऊन टाकले. हाताने वाढवायला शिल्लक उरते ती पाच-दहा टक्के, तीही ताक्यागणिक वेगळी.

आणि त्या दहा टक्क्यांची किंमत पहा. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, आणि विजेच्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा वेग दहा टक्के वाढवण्यासाठी दाब १.२० वरून १.३५ व्होल्ट करावा लागला. १.३५ भागिले १.२०, त्याचा वर सुमारे १.२७, त्याला १.१ ने गुणले की १.३९. म्हणजे वेग दहा टक्के जास्त आणि उष्णता एकोणचाळीस टक्के जास्त. शिवाय पंख्याने प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होत नाही. खोलीच्या वर काही अंश, एवढेच त्याच्या हाती. पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित खोलीत २५ अंशांवर जे मशीन ७५ वर बसते, ते आमच्याकडे मे महिन्यातल्या ४२ अंशांच्या दुकानात ९२ वर जाईल. ५६०० ची कमाल मर्यादा ९० आहे. ती आली की प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. म्हणजे आपण वाढवलेले त्याने काढून घेतले, विजेचे बिल मात्र आपल्या नावावर.

म्हणून इंटरनेटवर कोणी थंड देशातला माणूस जे आकडे दाखवतो, ते इकडे जसेच्या तसे धरू नयेत. आणि कापडाच्या दुकानात आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे कापडाचा बारीक तंतू. आमच्या मशीनच्या पंख्यातून दर दोन महिन्यांनी रजईत भरावी इतकी तूस निघते, असे म्हटले तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

काय घ्यावे

स्वस्तात आणि खुला, असा प्रोसेसर पाहिजे तर आमच्या मते एएमडीच्या एएम-४ बैठकीचा रायझन-५ ५५०० किंवा ५६०० बघावा. दोघेही २०२२ चे, दोघांना सहा गाभे, खोक्यात पंखा येतो. ५५०० मध्ये कॅश निम्मी, १६ एमबी. ५६०० मध्ये ३२. भावातला फरक कमी असेल तर ५६०० च घ्यावा, कारण वेग पुढे वाढवता येतो, कॅश वाढवता येत नाही. सेलेरॉनच्या वेळी हीच गोष्ट उलट बाजूने शिकायला मिळाली होती.

दोघांतही चित्र दाखवण्याची सोय नाही, वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते. दुकानदार हे प्रत्येक वेळी सांगतोच असे नाही. मशीन घरी आणल्यावर पडदा काळा राहतो आणि मग कार्डासाठी पुन्हा अकोल्याची खेप. कार्ड नसेल तर ५६००जी घ्यावा. इंटेलमध्येही नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर हाच प्रकार.

बोर्ड बी-४५० किंवा बी-५५० चा असावा. ए-३२० आणि ए-५२० बोर्ड स्वस्त पडतो पण त्यावर प्रोसेसरचे कुलूप उघडत नाही. हे बिल करण्याआधीच पाहावे. बोर्ड निवडताना प्रोसेसरच्या बैठकीशेजारी जे वीज पुरवणारे भाग असतात, त्यावर धातूचा जाड तुकडा बसवलेला आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे. आमच्या उन्हाळ्यात आधी तेच भाग तापतात. वीजपुरवठ्याचा डबा म्हणजे एसएमपीएस, यात मात्र कंजुषी करू नये. प्रोसेसर क्वचित जळतो. हलक्या डब्याने सोबतचे सगळे घेऊन जाण्याचा धोका खरा असतो. प्रोसेसर खोक्यातला, कंपनीच्या तीन वर्षांच्या हमीचा घ्यावा. ट्रेमधला सुटा माल शे-दोनशे रुपयांनी स्वस्त मिळतो, पण मग हमी दुकानदाराच्या शब्दावर. आणि हेही माहीत असावे की वेग वाढवल्याने झालेले नुकसान एएमडीच्या हमीत बसत नाही.

मिक्सिंगवाल्यांसाठी आमचे मत थोडे वेगळे आहे, आणि ते ऐकून तो मुलगा जरा हिरमुसला होता. व्हिडिओच्या कामात इंटेलच्या ज्या प्रोसेसरात चित्राची सोय पोटातच असते, त्यात व्हिडिओ उलगडण्याचा आणि आवळण्याचा स्वतंत्र भाग असतो. त्याला क्विक सिंक म्हणतात. आय-३ १२१०० हा चार गाभ्यांचा, पूर्ण कुलूपबंद प्रोसेसर आहे. तो पळवता येत नाही. पण शेवटी 'एफ' नसलेला घेतला आणि प्रोग्राममध्ये ती सोय चालू केली, तर लग्नाच्या फिल्मच्या साध्या कामात तो पळवलेल्या मोठ्या प्रोसेसरलाही मागे टाकू शकतो. तीन तासांचे काम दहा टक्के वेगवान प्रोसेसरवर सोळाएक मिनिटांनी लवकर होईल. योग्य अवजार असले तर हिशेबच वेगळा. जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी टाकली तर त्याहून जास्त वेळ वाचतो, हे तर आता सर्वांना माहीत आहे.

ज्याला खुला प्रोसेसर घेऊन काही करायचेच आहे, त्याने दोन गोष्टी कराव्यात. पहिली, रॅम. ३२०० ची रॅम आपण घेतो, ३२०० चे पैसे देतो, आणि बोर्ड तिला २४०० किंवा २६६६ वर चालवत बसतो, कारण सेटिंगमध्ये एक्सएमपी नावाची एक ओळ कोणी चालू केलेली नसते. रिसोडमध्येच आम्ही अशी चार मशीन पाहिली. ती ओळ चालू करावी. आपण घेतलेला माल पुरा मोजून घेणे, इतकेच ते आहे. दुसरी गोष्ट वेग वाढवण्याची नाही, दाब कमी करण्याची. रायझन ५००० मध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर म्हणून सोय आहे. तिच्यात उणे दहा, उणे पंधरा असे हळूहळू करीत गेले की प्रोसेसर तेच काम कमी विजेवर करतो, कमी तापतो, आणि कमी तापल्यामुळे आपला वरचा वेग जास्त वेळ टिकवतो. आमच्या हवेत पळवण्यापेक्षा निवविणे फायद्याचे, असा आमचा तजुर्बा आहे. ज्या सहजपणे लोक दाब वाढवतात तो धोका किती खरा आहे, हे २०२४ मध्ये दिसले. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे मोठे प्रोसेसर कारखान्यातून आलेल्या सेटिंगमध्येच गरजेपेक्षा जास्त दाब मागत होते. ते कायमचे खराब होऊ लागले, आणि कंपनीला हमी दोन वर्षांनी वाढवून द्यावी लागली. कारखान्याची ही गत, तर आपण गल्लीतले.

काहीही बदलले की परीक्षा घ्यावी. प्राइम-९५ हा प्रोग्राम प्रोसेसरला पूर्ण भार देऊन त्याच्या उत्तरांची पडताळणी करतो. मेमटेस्ट रॅम तपासतो. दोन्ही फुकट मिळतात. परीक्षा भर दुपारी घ्यावी, तीही दुकान उघडे असताना. जानेवारीच्या रात्री पास झालेले मशीन मे महिन्यात नापास होते, हे आम्ही पैसे मोजून शिकलो. आणि ज्या मशीनमध्ये उधारी, जीएसटी, पगार असे हिशेब आहेत, त्याला हात लावू नये. तिथे दहा टक्के वेगाने काय मिळणार? बिल छापणारा प्रिंटर तर तेवढ्याच सावकाशीने चालणार.

जी मुले गावात मशीन जुळवून विकतात त्यांच्यासाठी एक शब्द. पळवलेले मशीन विकणे गैर नाही. पण बिलावर प्रोसेसरचे पूर्ण नाव लिहावे, मूळ वेग लिहावा, आणि वाढवला असेल तर वाढवलेलाही लिहावा. घेणाऱ्यानेही सीपीयू-झेड हा छोटा प्रोग्राम दुकानातच चालवून नाव जुळवून घ्यावे. पडद्यावरच्या वेगाकडे पाहू नये, नावाकडे पाहावे. शंका आली तर मशीनची वायर काढून तो बटणाएवढा सेल पाच-दहा मिनिटे बाहेर ठेवून परत लावायला सांगावे. खळ असेल तर तिथेच निघेल. खरा दुकानदार याला नाही म्हणणार नाही.

तो मुलगा अकोल्याहून रायझन-५ ५६०० आणि बी-५५० बोर्ड घेऊन आला. ग्राफिक्स कार्ड त्याच्याकडे जुने होतेच. आय-३ चे आमचे म्हणणे त्याने ऐकले नाही, तरुण आहे. एक्सएमपी चालू केले, दाब उणे पंधरावर ठेवला, वेगाला अजून हात लावलेला नाही असे म्हणतो. मशीन डिसेंबरात जुळले. त्याची खोली पत्र्याची आहे, आणि लग्नांची खरी गर्दी मे महिन्यात. तेव्हा एखाद्या दुपारी जाऊन किती अंश दाखवते ते पाहायचे आम्ही ठरवले आहे.